दोराला सहा माणसं

बुधवारच्या भूकंपाच्या धक्क्यानंतर तामिएआत्याच्या लॉजमध्ये भाताचे चोवीसपैकी पंधरा वाडगे शाबूत होते. सूपचे सगळे वाचले, कारण ते लाकडी. मोठ्या ताटल्या चार. शोचू दारूच्या सव्वीस बाटल्यांपैकी एकोणीस, त्यांतल्या दोन गळ्याशी तडकलेल्या, म्हणून आत्याने त्या किटलीत ओतून ठेवल्या होत्या. जेवणघरातलं घड्याळ चालू होतं, फक्त भिंतीवर नव्हतं. नात्सुएने गुरुवारी सकाळी हे सगळं कागदावर उतरवलं. ग्रामकचेरीची बेटावरची एकुलती एक कर्मचारी म्हणून गेले पंधरा दिवस ती मोजण्याचंच काम करत होती. नाकासे बेटावर एकोणसाठ माणसं, सव्वीस घरं, शाळेत नऊ मुलं, एकशे अठ्ठावीस काळ्या गाई. जाणवलेले धक्के नऊशे बारा. हा शेवटचा आकडा लिहून होईपर्यंत जुना व्हायचा.

"बूट काढ," आत्या दारातूनच म्हणाली. "काचा आहेत, तेव्हा सपाता घाल. पण बूट काढ."

"आत्या, सगळं गाव बूट घालून झोपतंय."

"झोपू दे. माझ्या चटयांवर बूट चढायचे दिवस अजून आले नाहीत."

नात्सुएचे वडील शिगेमासा आधीच येऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, बहिणीपासून जमेल तितक्या लांब बसले होते. वसंतातल्या कुंपणाच्या भांडणानंतर ते या घरात पाऊल टाकत नव्हते. आज आले, कारण अरिकावांच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या, घराचा मागचा खांब वाकला होता आणि बेटावर चारजणांना एकत्र बसता येईल असं मजबूत छप्पर आता फक्त शाळेचं आणि आत्याचं होतं. शाळेत मुलं होती. नात्सुएचा मोठा भाऊ कोहेइ आणि त्याची बायको मिसुझु शेवटी आली. कोहेइच्या अंगाला गोठ्याचा वास होता आणि डोक्यावर हेल्मेट तसंच होतं.

"शनिवारी अकराला बोट," नात्सुएने कागद मधोमध ठेवला. "जाणाऱ्यांची नावं दुपारपर्यंत कळवायची. मुलांबरोबर घरातलं एक मोठं माणूस हवं. मी जाणार आहे. नर्सही. कागोशिमाच्या निवाऱ्यात सगळ्यांचं बघायला कुणीतरी लागेल."

"आमची चार नावं लिही," मिसुझु म्हणाली.

"तीन लिही," कोहेइ म्हणाला.

"चार."

"चौतीस गाई आहेत. नऊ गाभण. त्यातल्या दोन याच महिन्यात व्यायच्या आहेत. त्यांना कुठल्या निवाऱ्यात नेऊ?"

नात्सुएला हे संभाषण तोंडपाठ होतं. सोमवारपासून दादा-वहिनी तेच बोलत होती, फक्त जागा बदलत होत्या. आता बाबा काय म्हणणार हेही तिला ठाऊक होतं, निदान तसं तिला वाटत होतं. तिने पेन उचललं.

"कोहेइचं नाव लिही," शिगेमासा म्हणाले.

तेरा वर्षांत सासऱ्याने मिसुझुची बाजू घेतल्याचं नात्सुएला एकदाही आठवत नव्हतं. मिसुझुलाही आठवत नसावं. ती त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली.

"गाई मी बघतो. तू जन्मायच्या आधीही मीच बघत होतो."

"तेव्हा सहा होत्या, बाबा."

"गाय ती गायच."

"शिगे," आत्या सूपचं पातेलं घेऊन आली, "इतका शहाणा कधीपासून झालास? बुधवारी डोक्यावर काही पडलं का?"

"ताई, वाढ मुकाट्याने."

नात्सुएने कोहेइचं नाव लिहिलं नाही. "बाबा, बोटीचं काय? दोर घ्यायला जेट्टीवर सहा माणसं नसतील तर कॅप्टन बोट लावत नाही. पुढची बोट बुधवारी. चारा, औषधं, टपाल सगळं तिच्यावर. आणि इथलं बिघडलं तर राहिलेल्यांना न्यायलाही तीच."

"सहा आहेत. मी काल कॅप्टनला फोनवर सांगितलंय. सहा घरं राहतायत." त्यांनी डाव्या हाताची बोटं एकेक करून दुमडली. "हामादा, कुवाहारा, इवाकिरी, मियाझोए, ताईचं लॉज, आणि आपण. आपल्या घराचा मी."

बेटावर दोराला माणसं कधी कुणी मोजलीच नव्हती. मोजायची ती घरं. घरात चार तगडे मुलगे असोत की एक म्हातारा, जेट्टीवर त्या घराची जागा एकच, आणि ती बापाकडून थोरल्याकडे जायची. जोपर्यंत प्रत्येक घरात कुणी ना कुणी धडधाकट होतं तोपर्यंत घरं मोजली काय आणि माणसं मोजली काय, उत्तर तेच यायचं. शिगेमासा एकवीस वर्षं दोराचे प्रमुख होते आणि त्यांचा हिशेब कधी चुकला नव्हता.

नात्सुएने कागद उलटा केला.

"इवाकिरीकाका ब्याऐंशी वर्षांचे आहेत."

"त्यांचं घर आहे."

"घर दोर ओढणार नाही, बाबा. मियाझोएकाका दोन काठ्यांवर चालतात. त्यांच्या घराचा हात म्हणजे त्यांचा मुलगा, आणि तो बायकोला घेऊन शनिवारी चाललाय. आत्या चौऱ्याहत्तर."

"त्र्याहत्तर," आत्या म्हणाली. "पुढच्या महिन्यापर्यंत."

"म्हणजे तीन घरांचा एकही हात नाही. हामादांच्या घरी दोघं भाऊ आहेत, तुम्ही एकच धरलाय. आणि वीजघरातले ओगातासान तुम्ही धरलेच नाहीत."

"त्याचं घर कुठे आहे? तो बदलीवर आलेला माणूस."

"पण त्यांना दोन हात आहेत." तिने लिहिलेलं वाचून दाखवलं. "हामादा दोघं, कुवाहारासान, ओगातासान. चार. तुम्ही पाच. दादा राहिला तर सहा. गेला तर पाच."

शिगेमासा कागदाकडे बघत होते. चूक सापडली की ते कधी वाद घालत नसत. आत्ताही घातला नाही. पण ओठ हलत होते, ते घरं पुन्हा मोजत होते.

"म्हणजे मी राहतो," कोहेइ म्हणाला. "झालं."

"झालं कसं?" मिसुझु म्हणाली.

तेवढ्यात खालून तो आवाज आला, दूरवर कुणी मोठं दार आपटावं तसा. पाठोपाठ भूकंपाची सूचना देणाऱ्या कोपऱ्यातल्या भोंग्याची शिट्टी.

*

मिसुझुने सवयीने सेकंद मोजायला सुरुवात केली. एक, दोन. टेबल एका बाजूला गेलं आणि परत आलं. कोहेइने तिची मान खाली दाबली. आत्याने पातेलं पोटाशी धरलं, झाकणावर हनुवटी टेकवली. पाच, सहा. शोचूची किटली कडेकडे सरकायला लागली. शिगेमासांनी ती धरायला उजवा हात पुढे केला, पकडली आणि लगेच सोडली. किटली चटईवर पडली. अकरा. थांबलं.

"चार," कोहेइ म्हणाला. बेटावर आता कुणीही भोंगा सांगायच्या आधी तीव्रता सांगायचं.

"तीन," नात्सुए म्हणाली. भोंगा म्हणाला, तीन.

"चांगली रताळ्याची शोचू होती," आत्या म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

मिसुझु किटलीकडे बघत नव्हती. शिगेमासा उठून मागच्या ओट्यावर गेले तशी ती त्यांच्या मागून गेली.

"हात दाखवा, बाबा."

"काही नाही झालेलं."

"सकाळपासून डाव्या हाताने जेवताय. आत्यांना वाटतंय तुम्ही रुसलाय म्हणून नीट खात नाही."

त्यांनी बाही वर केली. मनगट अंगठ्याच्या बाजूने काळंनिळं झालं होतं आणि तिच्या दंडाएवढं सुजलं होतं. बुधवारी धक्का बसला तेव्हा ते गवताच्या माळ्याला लावलेल्या शिडीवर होते. खाली येताना हात टेकला होता.

"नर्सला दाखवलंत?"

"दाखवलं असतं तर तिने माझं नाव यादीत घातलं असतं."

"म्हणजे दोराला पाच नव्हते. चारच होते. आम्ही चौघं गेलो असतो आणि तुम्ही इथे. बोट लागलीच नसती."

"मी घरं मोजली होती," ते म्हणाले. "ती चूक झाली."

"आणि मनगट?"

त्यांनी बाही खाली ओढली. खाली समुद्र सपाट होता. असा सपाट असला की बोट येणार की नाही हे कुणी विचारतसुद्धा नाही.

"कोहेइची आई आजारी पडली तेव्हा नऊ दिवसांत तीनदा बोट आली आणि तीनदा परत गेली," ते म्हणाले. "लाटा होत्या. मी जेट्टीवर दोराला उभा होतो. स्वयंपाकी खिडकीत उभा राहून सिगारेट ओढताना दिसत होता, इतकी जवळ होती. शनिवारची बोट लागणार, हे नक्की आहे. जेट्टीवर सगळं गाव असेल. कोहेइने त्या बोटीत बसावं. पुढच्यांचं मी सांगू शकत नाही."

मिसुझु या घरात आली तेव्हा सासू जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्याबद्दल सासऱ्याच्या तोंडून तिने यापेक्षा जास्त कधीच ऐकलं नव्हतं.

"तुम्ही त्याला ओळखता," ती म्हणाली. "तो बसणार नाही."

"तू सांगितलंस तर बसेल."

"चार दिवस सांगतेय."

आत भावंडांचं वाजलं होतं. "तुला बोलायला काय जातंय, तू चाललीयस," असं कोहेइ म्हणत होता, आणि नात्सुए, "मी मजा करायला चाललेय का, पन्नास माणसांच्या अंथरुणांची सोय करायला चाललेय," असं. मिसुझु दारात उभी राहिली. दोघं थांबली.

"नात्सुए, लिहून घे. चिनामी, सोता. बरोबरचं मोठं माणूस, आजोबा."

"काय?" शिगेमासा मागून म्हणाले.

"बाबांचं मनगट मोडलंय. निदान चांगलंच दुखावलंय. कागोशिमात फोटो काढून घ्या. दोराला ओगातासान, कुवाहारासान, हामादा दोघं, कोहेइ, आणि मी."

"मी बेट सोडणार नाही."

"का?" आत्या फडकं पिळत म्हणाली. "बेट तुझ्या मनगटावर उभं आहे का?"

कोहेइने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "मिसुझु, दोराला आजवर कधी बाईमाणूस…"

"फोर्कलिफ्ट कोण चालवतं?" आत्या म्हणाली. "दोन टन चारा ही उतरवते तेव्हा कुणाला बाईमाणूस आठवत नाही. घराची एक जागा ना? मग जाणारा आपली जागा ज्याला देईल त्याची. आपल्या बापाने ती मला द्यायला हवी होती, थोरली मी होते. शिगे, विचार कर, तेव्हा मी तुला दोरासकट पाण्यात ओढलं असतं."

शिगेमासांच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला. पाच महिन्यांत या बहीणभावात एवढीही देवाणघेवाण झाली नव्हती.

"मी तुझ्या गाईंसाठी थांबत नाहीये," मिसुझु नवऱ्याला म्हणाली. "गाईंशी माझं काही देणंघेणं नाही. बोट लागली पाहिजे, म्हणून थांबतेय. तू एकटा इथे आणि बोट लागत नाही, असं मी तिकडे बसून बघणार नाही. आणि बिघडलं तर पुढच्या बोटीने तू येशील. मी येईन. गाई राहतील, व्यायलेल्या असोत की नसोत. हे आत्ता सगळ्यांसमोर म्हण."

कोहेइने हेल्मेटच्या पट्ट्याशी बराच चाळा केला.

"येईन," तो म्हणाला.

"आत्या, ऐकलंत?"

"ऐकलं. याला आठवण करून द्यायला मी आहेच."

नात्सुएने तीन नावं लिहिली आणि कागद वडिलांपुढे सरकवला. शिगेमासांनी डाव्या हाताने सही केली. ती त्यांच्या सहीसारखी दिसत नव्हती. नात्सुएने शेजारी कंसात तसं लिहिलं.

*

शुक्रवारी दुपारी शिगेमासांनी सुनेला जेट्टीवर नेलं. हात गळ्यात बांधलेला होता. गुपित फुटल्यावर नर्सने तो तासाभरात बांधून टाकला होता. चिनामी बोटीचा दोर अडकवायच्या खुंटावर बसून बघत होती. अकरा वर्षांची ती मुलगी कालपासून आईशी मोजकंच बोलत होती.

"बोटीवरून आधी बारीक दोर येतो," ते म्हणाले. "टोकाला वाळूची पिशवी असते. पिशवीकडे बघायचं नाही. फेकणाऱ्याच्या कोपराकडे बघायचं. कोपर सांगतं कुठे पडणार ते. हवेत पकडायला जायचं नाही, बोटं मोडतात. पडू दे, मग उचल. बारीक दोराला जाड दोर बांधलेला असतो. तो तिघांनी ओढायचा, पळायचं नाही, चालायचं. फास खुंटावर टाकला की लगेच मागे. दोर ताणला की त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. तुटला तर पाय जातो."

मिसुझु हे सगळं तेरा वर्षं फोर्कलिफ्टवरून बघत आली होती. पण मध्येच बोलली नाही. शिगेमासांना ते जाणवलं. कोहेइला शिकवताना प्रत्येक वाक्यावर "माहीत आहे" ऐकावं लागलं होतं.

जुना दोर त्यांनी डाव्या हाताने फेकला. तो तिच्यापासून तीन मीटरवर पडला. दुसरा दोन. तिसरा पाण्यात गेला.

"आजोबा, बोटीवरचे पण असंच फेकतात?" चिनामीने विचारलं.

"ते उजव्याने फेकतात."

"मग सोपं आहे." ती पाय हलवत राहिली. "पाचच माणसं असली तर खरंच नाही लावत?"

"नाही."

"पाच आणि तुमचा डावा हात?"

"साडेपाच. साडेपाचलाही नाही लावत."

तिने ते मनात घोळवलं. मग आईकडे न बघता म्हणाली, "तू म्हणाली होतीस आपण सगळे जायचं."

"म्हणाले होते," मिसुझु ओला दोर गोळा करत म्हणाली. "मग नात्सुएआत्याने मोजलं."

"चुकीचं मोजलं असेल."

"तू मोज."

चिनामीने बोटांवर मोजलं. दोनदा. ओगातासान धरले, मियाझोएआजोबा वगळले. मग खुंटावरून उतरली, दोराचं दुसरं टोक उचललं आणि आईच्या दिशेने चालत आली. शिगेमासांनी नातीला फासाची गाठ दाखवली. एका हाताने ती बांधता येत नव्हती, म्हणून ते सांगत गेले आणि ती बांधत गेली. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पाचाचा धक्का बसला. वरच्या कड्यावरून थोडी माती आली. तिघांनी जेट्टीच्या मधोमध बसून घेतलं आणि थांबल्यावर पुन्हा उठले. त्या दिवशी मिसुझुने बावीस वेळा दोर उचलला. चौदा वेळा नीट.

शनिवारी बोट अकराला सात मिनिटं कमी असताना लागली. पन्नास माणसं चढली. सोताला स्वतःचं हेल्मेट न्यायचं होतं, नेऊ दिलं. चिनामीने आईच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बंद केली आणि काही न बोलता गेली. शिगेमासा सर्वांत शेवटी चढले. कठड्याशी उभे राहून त्यांनी मुलाला हाक मारली. कोहेइला वाटलं गाईंचं काही सांगणार.

"तिला मागच्या दोराला ठेव," ते म्हणाले. "मागचा फेकणारा चांगला आहे."

*

सोमवारी एक गाय व्यायली. मंगळवारी दिवसभरात एकतीस धक्के, सगळे तीनच्या खाली. मिसुझु गोठ्यातच झोपत होती, कारण तिथे डोक्यावर पडण्यासारखं पत्र्याशिवाय काही नव्हतं. रोज संध्याकाळी मुलांचा फोन यायचा. निवाऱ्यात सोताला शेजारच्या गादीवरच्या इवाकिरींच्या सुनेचं घोरणं आवडत होतं. आजोबांच्या मनगटाला प्लास्टर लागलं होतं, सहा आठवड्यांचं.

बुधवारी सकाळी समुद्र सपाट नव्हता. दक्षिणेकडून लाट येत होती, दीड मीटर, आणि जेट्टीच्या टोकाशी फुटत होती. नऊजण साडेदहालाच खाली आले. इवाकिरीकाका आणि मियाझोएकाका बर्फाच्या पेटाऱ्यावर बसले. त्यांच्या जागा सोडून, पण त्यांच्या जागांकडे तोंड करून. आत्याने स्वयंपाकघरातला अंडी उकडायचा टायमर आणला होता, कारण बोट वळल्यापासून लागेपर्यंत किती वेळ जातो हे शिगेमासांना कळायला हवं होतं. दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर शिगेमासा.

"ताई, मला फक्त तुझा अंगठा दिसतोय."

"मग अंगठाच बघ. बोट वळतेय."

पुढे कुवाहारा आणि हामादा भाऊ. मागे कोहेइ, ओगाता, मिसुझु. बोट शिट्टी देऊन जवळ आली, लाटेने मागे गेली, पुन्हा आली. डेकवरच्या अधिकाऱ्याने जेट्टीवरची माणसं बोटाने मोजली. मिसुझुवर बोट जरासं थांबलं. मग त्याने हात खाली केला आणि मागे वळून इशारा केला.

पुढचा दोर पहिल्याच फेकीत आला. मागचा पाण्यात पडला. फेकणाऱ्याने तो ओढून घेतला. तीनदा फेकायचा, मग बोट निघून जायची, हा नियम सगळ्यांना माहीत होता. दुसरी फेक मिसुझुच्या उजवीकडे पडली. तिने उचलली, पण बोट लाटेवर उचलली गेली आणि ओला दोर हातमोज्यांतून निसटून परत पाण्यात गेला.

"काय झालं?" फोन म्हणाला.

"गप्प बस," आत्या म्हणाली.

"गेला का? ताई, गेला का?"

मिसुझुने हातमोजे काढून खिशात कोंबले. फेकणारा दोर गुंडाळत होता, घाई न करता. कोहेइ काहीतरी ओरडला, वाऱ्यात ऐकू आलं नाही. ती फेकणाऱ्याच्या कोपराकडे बघत राहिली. कोपर वर गेलं, बाहेरच्या बाजूला वळलं. पिशवी सुटायच्या आधीच ती डावीकडे तीन पावलं चालली होती. पिशवी तिच्या पुढ्यात काँक्रीटवर आपटली. तिने दोरावर आधी बूट ठेवला, मग दोन्ही हातांनी उचलला. ओगाता मागे आला, त्याच्या मागे कोहेइ. तिघं चालायला लागली. जाड दोर पाण्यातून वर आला, काळा, गळत. फास जड होता. पहिल्यांदा खुंटाच्या कडेला अडकला. कोहेइने खालून रेटला, मिसुझुने वरून खेचला, आणि तो बसला.

"मागे," कोहेइ म्हणाला. ती आधीच मागे झाली होती.

दोर ताणला. बोट जेट्टीला लागली, जेट्टीच्या कडेला टांगलेले टायर करकरले. इवाकिरीकाकांनी पेटाऱ्यावरून उठून वाकून नमस्कार केला, बोटीला की माणसांना ते कळलं नाही. मिसुझुच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. तिने ते जॅकेटला पुसले आणि फोर्कलिफ्टकडे गेली.

आत्याने टायमर बंद केला आणि डोळ्यांपासून लांब धरला.

"किती?" फोनवर शिगेमासा म्हणाले. त्यांच्या मागे सोता आणि चिनामी एकाच वेळी तेच विचारत होती.

"नऊ मिनिटं चाळीस सेकंद," आत्या म्हणाली.